करीच्या दिवशीची हजेरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन करीला, व्यसनमुक्ती केंद्राची तपासणी ठेवणाऱ्या माणसाला एक तर वऱ्हाड अजिबात माहीत नसावा, नाहीतर फारच चांगला माहीत असावा. चंद्रशेखरला यातलं दुसरंच खरं वाटत होतं. सकाळी तो अंगणातला हौद घासत होता. तेवढ्यात सारिका मॅडम फोन हातात धरून ऑफिसातून बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या. समुपदेशक बाई, दिवसभर दुसऱ्याला धीर देणारी, आणि तिच्याच तोंडचं पाणी पळालेलं.

"आज येऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याहून. अनुदानवाले. दुपारच्या आत येतो म्हणे."

चंद्रशेखरने आत दालनाकडे पाहिलं. खाटा पंधरा, गाद्या पंधरा, आणि माणूस एकच. तोही कोण, तर गोविंदा, जो परवाच आणून टाकला होता आणि ज्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. बाकी सगळी खोली मोकळी, चादरी घड्या घालून ठेवलेल्या.

याचं कारण पोळा. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी एक पेशंट कंपाउंडवरून उडी मारून गावाला गेला होता, पाय मोडून घेतला होता आणि मोडक्या पायाने बैलापुढे उभा राहिला होता. घरधनी असून बैलाच्या पूजेला हजर नाही म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही, असं त्याचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. म्हणून यंदा संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव यांनी आपणहून सगळ्यांना सुटी दिली. पोळा करा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. सगळ्यांनी बैलाच्या शपथा घेतल्या. आता दुसऱ्या दिवशी सकाळी काय असतं? कर असते! आणि आपल्याकडे करीला जो पुरुष कोरडा राहतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर त्याच्या घरी सासुरवाडीची मंडळी आलेली असते. हे हिंमतरावांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण माणसाला आपल्या माणसांच्या शपथा खऱ्या वाटतात, त्याला काय करावं.

केंद्र मेहकरच्या बाहेर, सुलतानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हिंमतरावांचा धाकटा भाऊ कुलदीप दारूपायी गेला, त्यानंतर त्यांनी स्वतःच्या जागेत हे उभं केलं. अनुदान मंजूर झालं, काही दिवस नीट आलं, मग अडकलं. वरून विचारणा यायची, इकडून उत्तर जायचं, उत्तरावर पुन्हा विचारणा यायची. डॉक्टर निघून गेले, दुसऱ्या समुपदेशकाने बँकेत नोकरी धरली. उरले कोण, तर सारिका मॅडम आणि चंद्रशेखर. आजची तपासणी शेवटची होती. खाटा भरलेल्या दिसल्या तर अनुदान सुरू, नाहीतर केंद्राचं नाव यादीतून बाद. आणि आजूबाजूच्या तालुक्यांत गोविंदासारख्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

हिंमतराव आले ते जीप चालू ठेवूनच खाली उतरले. खाटा पाहून ते मटकन पायरीवर बसले.

"एकही नाई आला?"

"येतीन कसे भाऊ," चंद्रशेखर म्हणाला. "कर हाये आज."

"मंग मानसं आनू. चौकात जीप फिरवली तं चाळीस मानसं भेटतीन."

"पेलेली भेटतीन," सारिका मॅडम म्हणाल्या. "एकाच्या तोंडाचा वास आला तरी केंद्रात दारू चालते म्हणून लिहितील. कोरडी माणसं पाहिजेत भाऊ."

करीच्या दिवशी मेहकर तालुक्यात कोरडी माणसं!  हिंमतरावांनी हळूच चंद्रशेखरकडे पाहिलं. तो त्यांच्या मनातलं ओळखून चुकला होता.

"तुमच्या वस्तीत वर्षावास चालू हाये ना?" ते म्हणाले. "आज कोनी पेलं नसन."

खरं होतं. आषाढी पौर्णिमेपासून बौद्धवस्तीतल्या विहारात रोज ग्रंथवाचन चालू होतं, आणि त्या तीन महिन्यांत शीलं पाळायची म्हणून वस्तीतल्या पिणाऱ्यांनीही बाटली बाजूला ठेवली होती. पण चंद्रशेखर बिचकला तो वेगळ्याच कारणाने. या वर्षावासावर त्याचा संसार टांगलेला होता.

एक काळ असा होता की चंद्रशेखर बसस्टँडमागच्या नालीत सापडायचा. बायको महामाया मुलीला घेऊन सुलतानपूरला बापाकडे निघून गेली, तेव्हाही तो नालीतच होता. नंतर तो याच केंद्रात आला, इथेच दारूतून सुटला आणि इथेच कामाला राहिला. सुटूनही वर्षं झाली, पण सासरे शंकरराव ऐकायला तयार नव्हते. सगळं बोलून झाल्यावर एकदाचे ते म्हणाले होते, "तुमच्या तोंडच्या गोष्टी लय ऐकल्या जवाईबुवा. एक वर्षावास पाचही शीलं पाळून दाखवा. आश्विन पौर्णिमेले पोरगी तुमच्या घरी आनून सोडतो." अर्धा वर्षावास झाला होता. महामाया आता रोज संध्याकाळी फोन करायची आणि प्राची गणितातली उदाहरणं त्याला विचारायची, जी त्याला येत नव्हती आणि तो येतात असं दाखवायचा.

तरी तो वस्तीत गेला. न जाऊन करतो काय? विहाराच्या ओट्यावर इंद्रभान बसले होते, वस्तीतले जुने माणूस, रोजचं वाचन तेच करायचे. चंद्रशेखरने खाली मान घालून सगळं सांगितलं. एका दुपारचं काम आहे, खाटेवर पडून राहायचं, विचारलं तर पितो म्हणायचं.

इंद्रभानांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या बापजाद्यायले हे गाव दारुडेच म्हने, चंदू. पेले तरी अन नाई पेले तरी. आज आख्ख्या गावात आमी तेवढे शुद्धीवर हाओत, अन आजच तू आमाले दारुडे म्हनून न्याले आला."

"केंद्र बंद पडन बाबा."

"पडू नोको देऊ. पन मले हे नाई जमत. तुले जमते का, ते तू पाय."

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. तो रिकाम्या हाताने परत आला तोवर हिंमतरावांनी आपल्या संस्थेच्या शाळेचे शिपाई, स्वयंपाकी, दोन चुलतभाऊ, जावयाचा भाऊ अशी कोरडी भरती करून आणली होती. सगळ्यांना केंद्राचे निळे कपडे घातलेले. एक खाट रिकामी होती.

"तू बी पड," हिंमतराव म्हणाले.

"मी? मी तं कामाले हाये इथी."

"कागदावर हायेस का?"

नव्हता. नवीन नियमात प्रमाणपत्र असलेलाच माणूस कर्मचारी म्हणून धरत होते. चंद्रशेखरजवळ प्रमाणपत्र म्हणजे त्याचा स्वतःचा जीव तेवढा. त्यामुळे सरकारच्या लेखी तो या केंद्रात नव्हताच. आत्तापर्यंत त्याला त्याचं वाईट वाटायचं, आज तेच कामाचं निघालं.

"भाऊ, सुलतानपूरले समजलं तं..."

"कोन सांगते बे सुलतानपूरले? एका दुपारचं सोंग हाये. गाडी गेली का उठजो." हिंमतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुलदीप अशाच एका दुपारी गेला चंदू. जागा नाई म्हनून दवाखान्यानं परत धाडला होता त्याले. तुले मी जबरदस्ती नाई करत."

आता याला जबरदस्ती म्हणायचं नाही तर काय म्हणायचं! चंद्रशेखरने निळे कपडे घातले आणि गोविंदाच्या शेजारच्या खाटेवर पडला. गोविंदाने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि मुंग्या जवळ आल्या का म्हणून विचारलं. नाही आल्या, तो म्हणाला.

गाडी आली. आधी अर्पिता मॅडम उतरल्या, तरुण अधिकारी, बोलणं पुण्याकडचं. त्यांच्यामागे फोन आणि तिवई घेऊन एक पोरगेला माणूस उतरला, आणि चंद्रशेखरने त्याला लगेच ओळखलं. तो धम्मदीप होता, महामायाचा सख्खा भाऊ. त्याला समाजकल्याणच्या ऑफिसात कंत्राटावर ऑपरेटरची नोकरी लागल्याचं महामायाने सांगितलं होतं. पण कुठल्या टेबलावर, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

उठून मागच्या दाराने जावं असं त्याला वाटलं. पण गोविंदाने मनगट सोडलं नव्हतं, आणि दारात हिंमतराव उभे होते. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

मॅडम खाटेखाटेशी थांबून चार शब्द विचारत होत्या. धम्मदीप प्रत्येकाच्या चेहऱ्यासमोर फोन धरायचा, चेहरा यंत्रात जायचा, आधार जुळायचं, मग पुढची खाट. शिपायांनी आणि चुलतभावांनी आपापली सोंगं झकास वठवली. स्वयंपाकी तर इतका रंगात आला की त्याला आवरावं लागलं. मग त्या चंद्रशेखरच्या खाटेशी आल्या.

धम्मदीपने फोन वर केला आणि तसाच थांबला.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

चंद्रशेखरने नाव सांगितलं.

"लग्न झालंय? घरी कोण असतं?"

"बायको हाये. मुलगी हाये." तो चादरीकडे पाहून बोलत होता. "माहेरी हायेत."

"शेवटची कधी घेतली होती?"

धम्मदीप त्याच्याकडे बघत होता. त्या पोराच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. सांगा भाऊजी, इथे कामाला आहे म्हणून सांगा. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोललं की शेजारचा शिपाई कोण, त्याच्या पलीकडचा चुलतभाऊ कोण, सगळंच उघडं पडणार होतं. मॅडम पेन धरून वाट बघत होत्या. शेजारी गोविंदा दातांवर दात आपटत होता, आणि आज संध्याकाळी हे केंद्र बंद झालं तर त्याला कुठे नेणार होते?

"काल," चंद्रशेखर म्हणाला. "काल पोळा होता ना. तवा. आज सकाळी आनून टाकलं मले इथी."

धम्मदीपने फोन त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. आधार जुळलं. त्याने बोटाने ते सगळं भरलं, नाव, पत्ता, कालची तारीख, आणि पुढच्या खाटेकडे गेला.

मॅडम ऑफिसात चहाला बसल्या तेव्हा चंद्रशेखर त्याला नळाजवळ गाठायला धावला.

"जय भीम धम्मदीप. ऐक, मी पेलो नाई. हे निस्तं सोंग..."

"मले काही सांगू नका भाऊजी." पोरगं रडवेलं झालं होतं. "तुमी पेले असान, तं पाचवं शील गेलं. पेले नसान, तं खोटं बोलले, चौथं गेलं. अन वरतून मले मॅडमले सांगा लागन का हे सारं नकली हाये. नाई सांगितलं तं माही नोकरी जाते, सांगितलं तं तुमचं केंद्र जाते. मंग तुमी पेले हेच मी खरं धरू का नोको?"

 पिणारा माणूस पकडला गेला की काय म्हणतो, हे चंद्रशेखरला कोणी शिकवायची गरज नव्हती. पेलो नाही, नुसता बसलो होतो. माझी नाही, मित्राची होती. असली सगळी वाक्यं त्याने ऐन जवानीत वापरून संपवली होती, आणि आज खरं बोलायची वेळ आली तर तेही तसलंच निघालं. धम्मदीप तिवई उचलून गाडीकडे गेला.

संध्याकाळी चंद्रशेखर निळे कपडे काढायला निघाला तर हिंमतरावांनी त्याला पुन्हा बसवलं. एका दुपारचं सोंग एका दुपारचं राहिलं नव्हतं. अर्पिता मॅडम जाताना दालनात कॅमेरा बसवून गेल्या होत्या, त्याचं चित्र जिल्ह्याच्या ऑफिसात दिसणार होतं. आणि ज्यांचे चेहरे यंत्रात गेले त्यांनी सकाळ-संध्याकाळ फोनपुढे तोंड दाखवायचं, उपचार पुरा होईपर्यंत, म्हणजे महिनाभर. चेहरे कमी झाले की अनुदान तिथेच थांबणार. शिपाई आणि चुलतभाऊ हजेरीपुरते येऊन जात, रजेवर गेलेले पेशंट हळूहळू परत येत होते. पण रात्री खाटांवर कोणीतरी झोपलेलं दिसायला हवं होतं, आणि घरी वाट बघणारं कोणी नाही असा माणूस चंद्रशेखर एकटाच होता. हिंमतराव हे असं तोंडावर बोलले नाहीत, पण सगळ्यांना ते पटलेलं होतं.

पेशंटजवळ फोन नसतो. नियमच तसा. चंद्रशेखरने स्वतः कितीजणांचे फोन काढून कपाटात ठेवले होते, आता त्याचाही तिथेच गेला. त्याने सारिका मॅडमना महामायाला एक फोन लावायला सांगितलं.

"मी काय सांगू तिला?" त्या म्हणाल्या. "तुमच्या उपचाराच्या कागदावर माझी सही आहे, चंद्रशेखर. तुम्ही पेशंट नाही म्हणून मी माझ्या तोंडाने कसं सांगू?" त्यांचे डोळे भरून आले. पण फोन त्यांनी लावला नाही.

गावाहून परतलेल्या पेशंटांना तर काही सांगायची सोयच नव्हती. चंद्रशेखर निळ्या कपड्यांत दिसला, म्हणजे घसरला, संपलं. कोणी विचारलंही नाही. सकाळच्या बैठकीला त्याने गप्प बसावं तर सगळे आदराने गप्प बसायचे. हळूहळू गोविंदाच्या मुंग्या गेल्या, हात थांबले, तो वरणभात खाऊ लागला. एक दिवस त्याने आपलं केळं चंद्रशेखरच्या ताटात ठेवलं. "पयले काही दिवस जड जातेत भाऊ," तो समजुतीने म्हणाला. "मंग बरं वाटते." चंद्रशेखरने केळं खाल्लं. सोलताना त्याचे हात कापत होते, ते पाहून गोविंदाने पाठ थोपटली.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याला प्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं तेवढं वाटलं. न पिता पिण्याचं सगळं भोगायचं, मग प्यायला काय हरकत आहे, असं मन म्हणायचं. तो रात्रभर कुशी बदलत पडे, आणि तेही कॅमेऱ्यात दिसत असणार.

महामाया आली ती एका संध्याकाळी. तो हजेरीच्या आधी अंगण झाडत होता, तेवढ्यात फाटकाच्या सळ्यांपलीकडे ती दिसली. एकटीच होती, खांद्याला पिशवी. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, निळ्या कपड्यांसकट.

"धम्मदीपनं सांगितलं," ती म्हणाली. "बाबायनं तं तोंडात पानी घेतलं नाई दोन दिवस."

"महामाया, मी पेलो नाई."

"मले माहीत हाये."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पेल्यावर तुमी मान वर करून बोलता," ती म्हणाली. "धम्मदीप म्हने, भाऊजी खाली पाहून बोलले. मी तवाच समजली. बाबा नाई मानत. पन तुमी आत्ता माह्यासंग घरी आले, तुमाले डोळ्यानं पायलं, तं मानतीन. कपडे बदला. सुलतानपूरची गाडी येतच असन."

फाटकाला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती, तीही आतल्या बाजूने, त्याच्या हाताशी. त्याने कडीवर हात ठेवला. दालनात सारिका मॅडम नावं पुकारू लागल्या होत्या, रांग लागत होती. आज एक चुलतभाऊ आला नव्हता. शाळेचा शिपाई ताप येऊन पडला होता. अनुदानाचा पहिला हप्ता निघाल्याचा निरोप आजच आला होता, आणि आजच चेहरे कमी भरले तर तो वाटेतूनच परत जाणार होता. हिंमतरावांनी दुपारी हात जोडून एवढंच सांगितलं होतं.

"दोन मिनिटं थांब," तो म्हणाला. "एवढी एक हजेरी होऊ दे. मंग चालतो."

महामायाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उतरला. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला तरी तिने तिकडे पाहिलं नाही.

"गुत्त्यासमोर मी प्राचीले कडेवर घेऊन उभी राहायची ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तवा बी तुमी हेच म्हनत होते. एवढा एक होऊ दे, मंग चालतो. असंच, माह्याकडं न पायता."

त्याने मान वर केली. पण त्याच्याजवळ तिने आधी ऐकलं नाही असं एकही वाक्य नव्हतं.  मग पिशवी सावरून तिने गाडीला हात केला, गाडी थांबली, ती चढली.

आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा एकदा पुकारलं गेलं. चंद्रशेखरने कडीवरचा हात काढला आणि रांगेत गोविंदाच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा सारिका मॅडमनी त्याच्याकडे न बघता फोन समोर धरला. फोनने डोळे मिटून उघडायला सांगितलं. त्याने मिटले, उघडले, तरी चेहरा ओळखू येईना.

"डोळे पुसा," सारिका मॅडम म्हणाल्या.

त्याने बाहीने डोळे पुसले. मग हजेरी लागली.